नव्या गावी जुनी गाडी : सोलापुरात स्वस्तातली वापरलेली कार घेण्याची आणि दुरुस्त करण्याची रीत

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला आलेल्या पुरात आमची गाडी छतापर्यंत पाण्यात गेली आणि त्यानंतर ती पुन्हा कधी धड चालली नाही. पुढच्या वर्षी नोकरीच्या निमित्ताने आम्ही बिऱ्हाड सोलापूरला हलवले. घरात वयस्क आई-वडील होते, मुलाची शाळा जुळे सोलापुरातल्या आमच्या भाड्याच्या घरापासून लांब होती, आणि घराची अनामत, सामानाचा ट्रक, शाळेची फी एवढे भागवल्यानंतर गाडीसाठी दोन लाख रुपये शिल्लक राहिले होते. परगावी वापरलेली गाडी घेणाऱ्याला पैशांपेक्षा ओळखीची चणचण जास्त भासते. आपल्या गावात कोणाची गाडी कशी वापरली गेली आहे, कोणते मेस्त्री खरे बोलतात, कोणत्या दलालाच्या वाटेला जाऊ नये, हे कोणाला विचारावे लागत नाही. नव्या गावी ही माहिती पहिल्यापासून जमवावी लागते. ओळखीची ही उणीव नीट तपासणी करून बरीचशी भरून काढता येते, म्हणून आम्ही कोणत्या क्रमाने गेलो आणि कुठे चुकलो, ते येथे सविस्तर मांडत आहे.

गाड्या पाहायला लागलो तेव्हा कोकणच्या सवयीने मी आधी जमिनीवर पोतं टाकून गाडीखाली डोकावत असे, कारण आमच्याकडे खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी पत्रा खालूनच खाल्ला जातो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका जुन्या मेस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी हटकले. "ह्या गावच्या गाडीला गंज नसतोय सर. उन्हानं रबर मरतंय इथं. आधी पाण्याची टाकी उघडा की," असे म्हणून त्यांनी रेडिएटरवर येणारा वरचा होस पाइप दोन बोटांत दाबून दाखवला. तो कडक झाला होता, दाबताच आतून कुरकुर आवाज आला आणि टोकाशी क्लिपच्या कडेला बारीक भेगा उमटलेल्या दिसल्या. गाडी बाहेरून चकचकीत होती आणि मालकाने ती नुकतीच पॉलिश करून आणली होती.

त्या एका वाक्याने आमची पाहण्याची दिशाच बदलली. सोलापुरात चिपळूणच्या चौथा हिस्सासुद्धा पाऊस पडत नाही, त्यामुळे इथेच नोंदलेल्या आणि इथेच फिरलेल्या दहा-बारा वर्षांच्या गाडीचा तळ बहुधा शाबूत असतो. उलट एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत जातो, त्यात रबर, रंग, बॅटरी, एसी आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा यांची दशा होते. रबर, रेडिएटर, बॅटरी या वस्तू पैसे टाकून आठवडाभरात नव्या करता येतात. गंजलेली चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र कितीही वेल्डिंग केले तरी पूर्ववत होत नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे की सोलापुरात नव्याने राहायला आलेल्या माणसाने मुंबई किंवा किनारपट्टीवरून विक्रीला आलेली रंगरंगोटी केलेली गाडी घेण्यापेक्षा, एम.एच. १३ क्रमांकाची, रंग उडालेली, होसला भेगा पडलेली, परंतु अपघात न झालेली गाडी घ्यावी आणि ती स्वतः दुरुस्त करून घ्यावी.

हाताशी असलेल्या पैशांची वाटणी

दोन लाख रुपये असतील तर दोन लाखांची गाडी पाहू नये. साधारण एक लाख चाळीस हजारांपर्यंतची गाडी पाहावी आणि उरलेली रक्कम दुरुस्ती, विमा आणि नावावर करण्याचा खर्च यांसाठी वेगळी काढून ठेवावी. आम्ही २०१२ सालची वॅगन-आर १ लाख ३५ हजारांना घेतली आणि पहिल्या तीन महिन्यांत तिच्यावर ४९ हजार रुपये खर्च केले. त्यांपैकी १५ हजार चार टायरांना, ११ हजार रेडिएटर, होस, पाण्याचा पंप आणि कुलंट (रेडिएटरमध्ये भरायचे, इंजिन थंड ठेवणारे द्रव) यांना, ९ हजार सस्पेन्शनला, ७ हजार एसीला आणि बाकीचे बॅटरी, ब्रेक व किरकोळ कामांना गेले. हा खर्च आधीच धरलेला असल्यामुळे एकही काम अर्धवट सोडावे लागले नाही. ज्यांनी सगळी रक्कम खरेदीतच घालवली, अशा आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांच्या गाड्या पहिल्या उन्हाळ्यातच दारात उभ्या राहिल्या.

मॉडेल निवडताना स्वतःची आवड बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारावा : या गाडीचा सुटा भाग सोलापुरातल्या दुकानात आज मागितला तर आज मिळेल का? शेव्हरोलेने भारतातली विक्री २०१७ मध्ये थांबवली आणि फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या मजबूत असूनही स्वस्त मिळतात, परंतु साधा सेन्सर बाहेरगावाहून येईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते. नव्या माणसाने मारुती किंवा ह्युंदाईच्या भरपूर खपलेल्या पेट्रोल गाड्यांपासून सुरुवात करावी.

इंजिनाचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारी टायमिंग चेन आहे की त्याच कामाचा टायमिंग बेल्ट आहे, हेही विचारून घ्यावे. २०१० नंतरच्या वॅगन-आरमधील के-सीरिज इंजिनाला चेन असते, तर ८०० सीसीच्या अल्टोला आणि जुन्या सँट्रोला रबराचा बेल्ट असतो. बेल्टची गाडी वाईट नसते, मात्र तो शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर गाडी घेतल्याबरोबर तो बदलावाच, कारण बेल्ट तुटला तर काही इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि अर्ध्या गाडीच्या किमतीचे काम निघते. सीएनजीची गाडी असेल तर किटची नोंद आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झाली आहे का, एवढे तपासून घ्यावे.

आणखी एक हिशोब विकणारा सहसा बोलून दाखवत नाही. खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आहे, आणि त्याशिवाय हरित कर भरावा लागतो. चौदा वर्षांची गाडी स्वस्त का मिळते, याचे उत्तर बहुधा इथेच असते. अशी गाडी घेऊ नये असे नाही, पण नूतनीकरणाचा खर्च आणि तपासणीत पास होण्यासाठी करावी लागणारी कामे किमतीतून वजा करून मगच बोली लावावी.

कागदपत्रे

गाडी पाहायला जाण्यापूर्वी तिचा क्रमांक मागून घ्यावा आणि एम-परिवहन अ‍ॅपवर तो टाकून पाहावा. नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, विम्याची मुदत आणि बँकेचा बोजा यांची माहिती तिथे दिसते. विकणारा 'एका हातची गाडी' म्हणत असेल आणि नोंद तिसऱ्या मालकाची असेल, तर जाण्या-येण्याचे पेट्रोल वाचते. बोजा दिसत असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्यासह नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय एक रुपयाही इसार देऊ नये. कर्ज फिटले आहे असे तोंडी सांगणारा माणूस खरे बोलत असला तरी बोजा उतरवण्याची धावपळ नंतर आपल्याच गळ्यात पडते.

सोलापूर सीमेवरचे शहर असल्यामुळे इथे के.ए. २८, के.ए. ३२ अशा विजयपूर-कलबुर्गीच्या गाड्या आणि हैदराबादकडच्या गाड्या बऱ्याच विक्रीला येतात, आणि त्यांची किंमत ऐकून मन मोहात पडते. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार तिची महाराष्ट्रात नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचा नमुना २८ मधील ना-हरकत दाखला आणावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. हा सगळा खर्च आणि दोन्हीकडच्या खेपा जमेस धरल्या की स्वस्ताई फारशी उरत नाही. नव्या गावी बस्तान बसवत असलेल्या माणसाने पहिली गाडी महाराष्ट्रातलीच घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन.

आमची चूक कागदपत्रांतच झाली. आम्ही बोजा पाहिला, विमा पाहिला, परंतु थकीत ई-चलन पाहिले नाही. गाडी नावावर करायला गेलो तेव्हा पुणे रस्त्यावरच्या वेगमर्यादेची तीन चलने उघडकीला आली आणि ती भरल्याशिवाय काम पुढे सरकेना. आधीच्या मालकाने फोन उचलणे बंद केल्यामुळे ती आम्हालाच भरावी लागली. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चॅसिस क्रमांकाचे शेवटचे आकडे टाकून ही तपासणी दोन मिनिटांत होते, आणि ती सौद्याच्या आधी व्हायला हवी.

परगावाहून आलेल्यांच्या बाबतीत पत्त्याचा पुरावा ही वेगळी गोष्ट आहे. वाहन चालवण्याचा परवाना देशभर चालतो, त्यामुळे तो लगेच बदलण्याची घाई नसते. मात्र गाडी नावावर करताना सोलापूरचा पत्ता लागतो. घरमालकांशी केलेला भाडेकरार नोंदणीकृत करून घ्यावा आणि त्याच्या आधारे आधार कार्डावरचा पत्ता व चालू मोबाइल क्रमांक आधी दुरुस्त करून घ्यावा, कारण परिवहनाची बरीच कामे आता आधारच्या ओटीपीवर चालतात. आम्ही गाडी शोधायला निघण्यापूर्वी महिनाभर हे काम उरकले होते, आणि त्याचा फार उपयोग झाला.

गाडी पाहण्याचा दिवस

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की गाडी सुरू करू नका, आणि पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवावा. तो गरम लागला तर पुन्हा दुसऱ्या दिवशी यावे, कारण थंड इंजिनाची सुरुवात कशी होते हे लपवण्यासाठी काही जण गाडी आधी तापवून ठेवतात.

थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडावे. गरम असताना ते कधीही उघडू नये, तोंडावर वाफ येते. आत हिरवे, लाल किंवा निळे स्वच्छ कुलंट दिसले तर गाडी सांभाळलेली आहे. गढूळ तांबडे पाणी दिसले, किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला चुन्यासारखा पांढरा थर दिसला, तर वर्षानुवर्षे बोअरचे पाणी ओतले गेले आहे असे समजावे. सोलापुरात हा दोष मला निम्म्याहून अधिक गाड्यांत आढळला. मग ऑइल भरायचे झाकण उघडून त्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवावे : लोण्यासारखा पिवळट-पांढरा फेस लागला तर ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची, म्हणजे हेड गॅसकेट (इंजिनाच्या दोन भागांमधली सीलबंद पट्टी) गेल्याची शक्यता असते, आणि अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी परत फिरावे.

याच वेळी रेडिएटरच्या पंख्याकडे पाहावे. पंखा इंजिन तापल्यावर आपोआप सुरू व्हायला आणि थोड्या वेळाने बंद व्हायला हवा. चावी फिरवताच पंखा फिरू लागला, किंवा डॅशबोर्डखाली त्याच्यासाठी वेगळे बटण बसवलेले दिसले, तर 'फॅन डायरेक्ट केला आहे' असे गॅरेजवाले सांगतात, आणि त्याचा अर्थ असा की गाडी पूर्वी तापत होती व कारण न शोधता कोणीतरी वरवरचा उपाय करून ठेवला आहे. गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल पीत आहे. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर पाणी जळत आहे.

पत्र्याचे परीक्षण उन्हात, गाडीच्या बाजूने तिरपे पाहून करावे. दाराच्या आणि मडगार्डच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का, बॉनेटचे बोल्ट पान्याने खोलल्याच्या खुणा आहेत का, डिकीतील मॅट उचलल्यावर खालचे वेल्डिंगचे ठिपके कंपनीतल्यासारखे गोल व सारख्या अंतरावर आहेत का, हे पाहावे. शंका येईल तिथे फ्रिजला लावायचे साधे चुंबक टेकवावे. पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी (गॅरेजच्या भाषेत लांबी) जाड भरलेली असेल तिथे ते नीट चिकटत नाही. सगळ्या काचांवरची वर्षाची खूण एकमेकींशी जुळते का तेही पाहावे, आणि चॅसिस क्रमांक आरसीवरच्या क्रमांकाशी स्वतः अक्षर-अक्षर ताडून पाहावा.

पुरात सापडलेली गाडी ओळखण्याची पद्धत मी आमच्या स्वतःच्या गाडीवरून शिकलो. कोरड्या सोलापुरात याची काय गरज, असे वाटेल; परंतु पुराच्या गाड्या स्वस्तात उचलून दूरच्या गावी विकल्या जातात, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने या जिल्ह्यातल्याच कितीतरी गावांत पाणी शिरले होते. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढावा : धुलाईवाले बेल्टचा दिसणारा भाग धुतात, आत गुंडाळलेला भाग तसाच राहतो, आणि तिथे गाळाची तपकिरी रेषा स्पष्ट दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेले आहेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात बारीक रेती आहे का, डॅशबोर्डखालच्या वायरींच्या कनेक्टरवर हिरवट थर आला आहे का, हेही पाहावे. यांपैकी दोन खुणा आढळल्या तर सौदा सोडावा, कारण भिजलेली वायरिंग महिन्या-दोन महिन्यांनी एकेक करून त्रास देऊ लागते आणि त्यावर कायमचा उपाय होत नाही.

चालवून पाहण्यासाठी आम्ही तुळजापूरचा रस्ता निवडला, आणि तो मला अजूनही सर्वांत योग्य वाटतो. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर आहे. आधी सरळ महामार्ग असल्यामुळे ८० च्या वेगात स्टिअरिंग थरथरते का, गाडी एका बाजूला ओढते का, चाकाच्या बेअरिंगचा घरघराट येतो का ते कळते, आणि शेवटच्या घाटात एसी लावून चढताना तापमानाचा काटा किंवा दिवा काय सांगतो ते दिसते. मालक एवढ्या लांब यायला तयार नसेल तर पेट्रोल आपण भरण्याची तयारी दाखवावी. त्यावरही तो नको म्हणाला तर मी ती गाडी सोडून दिली असती. परत आल्यावर गाडी उन्हात उभी करून एसी चालू ठेवावा आणि दहा मिनिटे बसून राहावे. चालत्या गाडीत थंड लागणारी हवा उभ्या गाडीत कोमट होऊ लागली तर कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) किंवा त्याच्या पंख्याचे काम निघणार आहे.

सौदा

इसार पाच हजारांच्या आत द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. पूर्ण पैसे बँकेतून द्यावेत. नमुना २९ आणि ३० वर, ज्यांना सगळे जण टीटी फॉर्म म्हणतात, मालकाच्या सह्या आपल्यासमोर घ्याव्यात, आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्यावी, कारण त्या क्षणानंतरचे चलन किंवा अपघात आपल्या जबाबदारीत येतो. कायद्याने खरेदीदाराला ३० दिवसांत मालकी बदलाचा अर्ज करावा लागतो आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी विमा कंपनीला १४ दिवसांत कळवावे लागते. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) आपल्याला मिळत नाही, तेव्हा हप्त्यात थोडा फरक पडेल हे गृहीत धरावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

दुरुस्तीचा क्रम

गाडी दारात आल्यावर पहिला मोह सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमचा होतो. तो महिनाभर आवरावा. आधी इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, गिअर ऑइल आणि ब्रेक ऑइल बदलून घ्यावे, आणि ती तारीख व किलोमीटर एका वहीत लिहून ठेवावेत. जुन्या गाडीचा इतिहास आपल्याला माहीत नसतो. तो त्या दिवसापासून आपण सुरू करतो.

त्यानंतर लगेच इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा हाती घ्यावी, आणि इथे पैसा राखू नये. सोलापूरच्या बोअरच्या पाण्यात क्षारांचे प्रमाण जास्त असते. ते पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आतल्या पोकळ्यांत तापते, क्षार भिंतीवर बसतात, आणि चहाच्या भांड्यात जसा थर जमतो तसा थर आत जमत जाऊन उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग बंद होत जातो. आमच्या गाडीचा रेडिएटर काढून मेस्त्रींनी वरून पाणी ओतून दाखवले, तेव्हा खालून एका बाजूने धार येत होती आणि दुसरी बाजू कोरडी होती. असा अर्धा जाम झालेला रेडिएटर रॉड घालून साफ करता येतो, परंतु प्लास्टिकच्या टाक्यांचे अ‍ॅल्युमिनियमचे रेडिएटर त्यात बरेचदा फुटतात, म्हणून आम्ही नवाच बसवला.

त्याच वेळी वरचे-खालचे होस, हीटरचे होस, सगळ्या क्लिपा आणि रेडिएटरचे झाकण बदलावे. झाकण ही शे-दोनशे रुपयांची वस्तू असल्यामुळे तिच्याकडे कोणी पाहत नाही. साधे पाणी १०० अंशांना उकळते; झाकणाच्या स्प्रिंगने आत दाब टिकून राहतो आणि कुलंटचा उत्कलनबिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. स्प्रिंग सैल पडली की तो दाब राहत नाही, आणि मे महिन्याच्या दुपारी सात रस्ता चौकाच्या वाहतुकीत गाडी उकळते.

थर्मोस्टॅटविषयी, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणाऱ्या झडपेविषयी, मात्र ठाम राहावे लागते. उष्ण गावांतल्या गॅरेजमध्ये तो 'इथे लागतच नाही' म्हणून काढून टाकण्याची प्रथा आहे, आणि आमच्या गाडीतूनही तो कोणीतरी काढलेला होता. थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांदरम्यान उघडू लागतो आणि त्यानंतर लवकरच पूर्ण उघडतो, म्हणजे गाडी तापायला लागते तेव्हा तो आधीच वाट मोकळी करून बसलेला असतो. तो काढल्याने उन्हाळ्यात फायदा काहीच होत नाही. उलट इंजिन योग्य तापमानाला यायला फार वेळ घेते, तोवर पेट्रोल जास्त जळते आणि घर्षण वाढते. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर आमच्या गाडीचे अ‍ॅव्हरेज लिटरमागे जवळपास दोन किलोमीटरने वाढले. भरताना कुलंट तयार मिश्रणाचे घ्यावे, किंवा घट्ट कुलंटमध्ये बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे घालावे. वाटेत कधी पाणी कमी पडलेच तर आरओचे पाणी चालेल; बोअरचे टाकू नये, आणि टाकावेच लागले तर पुढच्या आठवड्यात सगळे काढून नवे भरावे.

पुढे टायर आणि ब्रेक. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. नक्षी शिल्लक असली तरी सहा वर्षांपेक्षा जुना, बाजूला बारीक भेगा पडलेला टायर इथल्या तापलेल्या डांबरावर फुटण्याचा धोका असतो, आणि तो मी ठेवणार नाही. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या मापानेच भरावी.

इंधनाच्या नळ्या सहसा राहून जातात. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा असल्यामुळे इथे त्याचे कौतुकही आहे. पण एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. आधीच उन्हाने कडक झालेली नळी त्यामुळे लवकर पाझरू लागते, आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. टाकीपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्या एकदा बदलून टाकाव्यात. खर्च हजारभराच्या आसपास येतो.

सस्पेन्शनमध्ये लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि शॉकअपचे माउंटिंग ही पुन्हा रबराचीच कामे असतात. खड्ड्यात खडखड वाजणारी गाडी या तीन गोष्टी बदलल्यावर बहुधा शांत होते, त्यानंतर अलाइनमेंट करून घ्यावी. एसीचा गॅस भरण्यापूर्वी तो कुठून गेला ते शोधायला लावावे. गळती न शोधता गॅस भरून देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. बॅटरी या उन्हात तीन वर्षांच्या पुढे फार काळ साथ देत नाही.

रंगकाम शेवटी, आणि पैसे उरले तरच. आम्ही छत आणि बॉनेट एवढेच रंगवले, कारण वरचे ऊन तिथेच लागते. काळ्या मातीची धूळ कोरड्या फडक्याने पुसली तर रंगावर बारीक ओरखडे पडतात, आणि नळाला रोज पाणी येत नाही अशा शहरात रोज गाडी धुणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. आठवड्यातून एकदा अर्धी बादली पाणी आणि दोन ओली फडकी पुरतात. रेक्झिनचे सीट दुपारी पाठीला चटके देते, त्यावर सोलापुरी टॉवेलचे कव्हर शिवून घेतले की आई-वडिलांना बसवते, आणि धुवायलाही सोपे जाते.

सगळी कामे झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी शहरात आणि जवळपासच फिरवावी. अक्कलकोट, नळदुर्ग, पंढरपूर अशा दिवसभराच्या खेपा चालतील, परंतु लगेच कोकणात उतरण्याचा बेत करू नये. या काळात दर रविवारी सकाळी बॉनेट उघडून कुलंटची पातळी, ऑइलची काडी आणि गाडीखालचे डाग पाहावेत. नवे होस काही दिवस तापून-थंड होऊन किंचित बसतात, त्यामुळे हजार किलोमीटर झाल्यावर त्यांच्या सगळ्या क्लिपा स्क्रू-ड्रायव्हरने पुन्हा एकदा आवळून घ्याव्यात. आमच्या गाडीच्या खालच्या होसची क्लिप तेव्हा पाऊण फेरा सैल निघाली होती.